मिठाचा हिशेब लंडनला नेणारा खासदार

पेण-उरणच्या खारेपाटात वाढलेल्या माणसाला दादाभाई नौरोजी परके वाटायचं काही कारण नाही. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एक परिच्छेद असतो. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेले पहिले भारतीय, संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त, राष्ट्रसभेचे म्हणजे काँग्रेसचे तीनदा अध्यक्ष, झालं. उरण तालुक्यात इतिहास शिकवताना तो परिच्छेद मीही मुलांकडून पाठ करून घेतला आहे. परीक्षेला येतो म्हणून घ्यावाच लागतो. पण ज्या मिठागरांच्या बांधावरून ती मुलं शाळेत येत, त्या मिठावरच्या कराबद्दल हा माणूस थेट वेस्टमिन्स्टरमध्ये उभा राहून बोलला होता, हे त्या परिच्छेदात कुठेच नव्हतं. म्हणून दादाभाईंची खासदारकी मी मिठाच्या बाजूने सांगणार आहे. आमच्या बाजूने बघितलं की त्यांचं काम जास्त नीट दिसतं.

माझे आजोबा मिठागरात राबले, त्यांचे वडीलही तिथेच. आमचं आगरी घर. दिवाळी सरली, भात झोडून झालं की मिठाचा हंगाम. उधाणाच्या भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, मोठ्या तळ्यात साठवायचं, तिथून एकेका उथळ कप्प्यात उतरवत न्यायचं. पाणी पुढे सरकेल तसं उन्हाने आटत जातं, खारट होत जातं, आणि शेवटच्या कप्प्यात तळाशी दाणा धरतो. त्याआधी तो तळ पायांनी तुडवून टणक करायचा, नाहीतर मिठात चिखल येतो. मीठ ओढायचं, पाटीत भरायचं, डोक्यावरून वाहून रास घालायची. वळवाचा एक पाऊस लवकर आला की राशीचं पाणी होतं. समुद्र फुकट, ऊन फुकट. त्यात माणसाची मेहनत तेवढी घालायची.

इतक्या स्वस्त वस्तूवर इंग्रज सरकारने बसवलेला कर ऐकून आजही माझ्या कपाळावर आठी येते. १८८८ साली, रुपयाचा भाव घसरला आणि ब्रह्मदेशच्या लढाईचा खर्च अंगावर आला म्हणून सरकारने हा कर मणाला २ रुपयांवरून अडीच रुपये केला. मण म्हणजे ४० शेर, इंग्रजी मापाने ८२ पौंड. ते मण मीठ पिकवायला लागत काही आणे. म्हणजे मालाच्या किमतीपेक्षा कर कितीतरी पट मोठा. मिठागरावर मीठ खात्याचा पहारा असे. कर भरून परवाना घेतल्याशिवाय रास हलवता येत नसे. खाडीच्या काठाला ओहोटीनंतर आपोआप सुकून बसलेलं मीठ खरवडून घरी नेलं, तरी कायद्याने तो गुन्हा. माझी आजी सांगायची, की तिच्या सासूच्या काळी पोरांना खाडीकडे पाठवताना बजावलं जाई: चिंबोऱ्या धरा, कालवं काढा, पण मिठाला हात लावू नका.

आता एक साधा हिशेब करून बघा. माणशी वर्षाला ६ शेर मीठ धरलं तर अडीच रुपये मणाच्या दराने माणशी ६ आणे कर होतो. घरात पाच माणसं असली तर वर्षाला ३० आणे, म्हणजे १ रुपया १४ आणे. ही रक्कम आज क्षुल्लक वाटेल. पण त्या काळात हिंदुस्थानातल्या माणसाचं सरासरी उत्पन्न किती होतं? वर्षाला २० रुपये. हा २० रुपयांचा आकडा ज्या माणसाने पहिल्यांदा काढून दाखवला, तेच दादाभाई.

गरीब पारशी पुरोहिताच्या घरात ४ सप्टेंबर १८२५ रोजी त्यांचा जन्म झाला. चार वर्षांचे असताना वडील गेले. आई माणेकबाई लिहिता-वाचता न येणारी, पण मुलाला शिकवायचं हे तिने ठरवलेलं. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत त्या वेळी फी नव्हती, म्हणून हा मुलगा शिकू शकला. लोकांच्या पैशावर शिकलो, तर ते ऋण लोकांचं, हे त्यांनी मनाशी धरलं आणि पुढे जन्मभर तसे वागले. त्याच संस्थेत ते गणित आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. या पदावर तिथे बसलेले ते पहिले भारतीय. १८४९ साली विद्यार्थ्यांच्या साहित्य आणि शास्त्र सभेने मुंबईत मराठी आणि गुजराती मुलींच्या शाळा काढल्या, त्यात ते पुढे होते. हे तरुण प्राध्यापक सुरुवातीला तिथे विनामोबदला शिकवत. १८५१ साली त्यांनी ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र सुरू केलं.

१८५५ मध्ये ते कामा कंपनीचे भागीदार होऊन लंडनला गेले. इंग्लंडमध्ये भारतीयांनी काढलेली ही पहिली पेढी. पण पेढीचा अफू आणि दारूचा व्यापार त्यांना पटेना. त्यातून मिळणारा नफा नको म्हणून ते बाहेर पडले आणि पुढे कापसाचा स्वतःचा व्यवसाय काढला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी गुजरातीचं अध्यापनही केलं. १८७४ मध्ये मल्हारराव गायकवाडांच्या काळात बडोद्याचे दिवाण झाले. तिथली बजबजपुरी आणि रेसिडेंटची ढवळाढवळ यांत ते फार काळ टिकणं शक्यच नव्हतं.

त्यांच्या आयुष्याचा कणा मात्र गणिताचाच राहिला. सरकार म्हणत होतं, इंग्रजी राज्यात हिंदुस्थानची भरभराट होते आहे. दादाभाईंनी सरकारचेच अहवाल घेतले, एकेका प्रांतातलं पीक, त्याचा भाव, मीठ, कोळसा, कारखानदारी असं सगळं मांडलं आणि माणसांच्या संख्येने भागलं. उत्तर आलं डोईमागे वर्षाला २० रुपये. मग त्यांनी दुसरा प्रश्न घातला: माणसाला नुसतं जगायला किती लागतं? परदेशी मळ्यांवर पाठवल्या जाणाऱ्या मजुरांना जहाजावर किती शिधा द्यावा, याचं प्रमाण सरकारच्याच डॉक्टरने ठरवून दिलं होतं. त्या प्रमाणाने अन्न आणि वस्त्र धरलं तर वर्षाला माणशी ३४ रुपये होत होते. उत्पन्न २०, गरज ३४. तुरुंगातल्या कैद्यावर सरकार जो खर्च करतं तेवढंही उत्पन्न बाहेरच्या मोकळ्या माणसाला नाही, हेही त्यांनी दाखवून दिलं. १८७६ साली त्यांनी हे सगळं ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ या निबंधात मांडलं. त्याला खोटं ठरवायला सरकारला स्वतःचे आकडे काढावे लागले, आणि तेही फारसे पुढे सरकले नाहीत.

हा हिशेब नेऊन ठेवायचा कुठे? हिंदुस्थानचा कारभार शेवटी लंडनच्या पार्लमेंटच्या हाती होता आणि तिथे हिंदुस्थानातून एकही माणूस निवडून जात नव्हता. पण एक फट होती. हिंदुस्थानातला माणूस राणीचा प्रजाजन. इंग्लंडमधल्या एखाद्या मतदारसंघाने त्याला निवडलं, तर कायदा आड येत नव्हता. दादाभाईंच्या आधी डाइस सोम्ब्रे हा सरधनाच्या बेगम समरूचा वारस १८४१ साली सडबरीतून निवडून आला होता, पण लाच वाटल्याच्या ठपक्याने ती निवडणूकच रद्द झाली. १८८५ मध्ये बंगालचे लालमोहन घोष लंडनच्या डेप्टफर्डमधून उभे राहिले आणि पडले. १८८६ मध्ये दादाभाई उदारमतवादी पक्षातर्फे होबर्नमधून लढले. त्यांना १,९५० मतं मिळाली, विरोधक कर्नल डंकन यांना ३,६५१. तेव्हा दादाभाई साठी ओलांडलेले होते.

या पराभवाची चर्चा दोन वर्षांनी अचानक साऱ्या इंग्लंडभर झाली, ती खुद्द पंतप्रधानांच्या तोंडामुळे. १८८८च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या सभेत लॉर्ड सॅलिसबरी म्हणाले, माणसाने कितीही प्रगती केली असली तरी एखादा ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल, इथवर आपण पोचलोय असं मला वाटत नाही. त्या एका शब्दाने दादाभाईंचं नाव घरोघरी गेलं. वर्तमानपत्रांनी सॅलिसबरींना झोडपलं, विरोधी पक्षाने दादाभाईंसाठी मेजवानी ठेवली. मला या प्रकरणात एक गोष्ट फार मोलाची वाटते: दादाभाईंनी अपमान कुरवाळत बसण्यात एक दिवस घालवला नाही. ते आपल्या नव्या मतदारसंघात दारोदार हिंडत राहिले.

तो मतदारसंघ म्हणजे सेंट्रल फिन्सबरी. लंडनच्या क्लार्कनवेल भागातली ही वस्ती घड्याळं करणाऱ्यांची, जवाहिऱ्यांची, छापखान्यांत राबणाऱ्यांची. हातात कसब असलेले, पण गल्लीबोळात दाटीने राहणारे लोक. दादाभाईंच्या स्वतःच्या पक्षातल्याच काहींनी त्यांच्याऐवजी दुसरा उमेदवार पुढे रेटला. ते भांडण वर्षानुवर्षं चाललं. दादाभाई सभा घेत होते, पत्रं लिहीत होते, स्थानिक मंडळांचे सभासद होत होते. आयर्लंडला स्वराज्य हवं, स्त्रियांना मत हवं, कामगारांना कामाचे तास ठरवून मिळावेत, या मागण्या त्यांनी मनापासून उचलल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यांना पाठिंब्याचं पत्र पाठवलं. स्त्रियांना तर मतच नव्हतं, तरी स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या मंडळींनी त्यांच्यासाठी प्रचार केला. आज आपल्याकडे उमेदवार बाहेरचा की स्थानिक यावर रान उठतं. हा मुंबईचा पारशी सहासात हजार मैलांवरून जाऊन तिथल्या घड्याळजींचे प्रश्न समजून घेत होता, कारण त्यांचं मत मागायचं तर त्यांचं काम करायलाच हवं, हे त्याला कळत होतं.

जुलै १८९२ मध्ये निकाल लागला. दादाभाईंना २,९६१ मतं, हुजूर पक्षाच्या पेंटन यांना २,९५६. पाच मतांचा फरक. पहिल्या मोजणीत तर तो तीनच मतांचा होता. विरोधकाने आव्हान दिलं, पण निकाल टिकला. सदुसष्टाव्या वर्षाला टेकलेल्या दादाभाईंनी अवेस्ता हाती धरून शपथ घेतली. ९ ऑगस्ट १८९२ रोजी सभागृहातलं पहिलं भाषण केलं, आणि त्यात आपल्याला निवडून देणाऱ्या इंग्रज मतदारांचे आभार मानून, आता पंचवीस कोटी लोकांच्या वतीनेही आपल्याला बोलायचं आहे हे सभागृहाला सांगून टाकलं. खासदारांना त्या काळी पगार नव्हता. तो १९११ मध्ये सुरू झाला. कार्यालय, पत्रव्यवहार, छपाई, सगळा खर्च ज्याचा त्याने करायचा.

खासदार म्हणून त्यांनी केलं काय? पहिलं मोठं काम सनदी नोकरीच्या परीक्षेचं. आयसीएसची परीक्षा फक्त लंडनला होई. हिंदुस्थानातल्या मुलाने समुद्र ओलांडायचा, घर गहाण टाकायचं आणि तिथे जाऊन परकीय वातावरणात पेपर लिहायचा. २ जून १८९३ रोजी ही परीक्षा एकाच वेळी इंग्लंडात आणि हिंदुस्थानात व्हावी असा ठराव सभागृहापुढे आला. तो मांडला हर्बर्ट पॉल या खासदाराने, बळ होतं दादाभाईंचं. ८४ विरुद्ध ७६ मतांनी ठराव संमत झाला! मुंबई, पुणे, कलकत्ता इथे आनंदीआनंद झाला. पण सरकारने तो अमलातच आणला नाही. हिंदुस्थानात ही परीक्षा सुरू व्हायला १९२२ साल उजाडलं. आमच्या जिल्ह्यात याचं उत्तम उदाहरण आहे. रायगडाच्या पायथ्याशी नाते गावी जन्मलेले आणि रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये आयसीएसला पहिले आले, पण ती परीक्षा त्यांनी दिली लंडनमध्ये. तेच चिंतामणराव पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५२ मध्ये आमच्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर गेले. दादाभाईंचा ठराव वेळेवर अमलात आला असता तर असे किती चिंतामणराव कोकणातून निघाले असते, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

विल्यम वेडरबर्न यांची इथे आठवण काढायला हवी. हे स्कॉटिश गृहस्थ मुंबई इलाख्यात सनदी नोकरीत होते. दख्खनच्या दंग्यांनंतर शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवायला शेतकी बँक काढावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांच्या बरोबरीने त्यांनी धडपड केली होती. निवृत्त होऊन ते १८९३ मध्ये पार्लमेंटात गेले आणि दादाभाईंसह त्यांनी हिंदुस्थानच्या प्रश्नांसाठी खासदारांची एक समिती उभी केली. एकट्या माणसाने सभागृहात कितीही ओरडलं तरी त्याचा आवाज विरतो. सोबत दहा डोकी हवीत, हे या दोघांना कळलं होतं.

१८९३च्या डिसेंबरात दादाभाई खासदार म्हणून मायदेशी आले, लाहोरच्या राष्ट्रसभेचं अध्यक्षपद घ्यायला. मुंबईत रस्ते माणसांनी भरून गेले. त्या वेळी मोरा आणि धरमतर बंदरांच्या बाजूने मुंबईला कामाला गेलेल्या आमच्या लोकांनी ती मिरवणूक पाहिली असेल का? मला आपलं वाटतं, पाहिली असेल.

आता मिठाकडे येते. पार्लमेंटात हिंदुस्थानचं अंदाजपत्रक दरवर्षी अधिवेशनाच्या अगदी शेवटी येई. तोवर बहुतेक खासदार सुटीवर गेलेले असत आणि पंचवीस कोटी माणसांचा जमाखर्च रिकाम्या बाकांपुढे उरकला जाई. १४ ऑगस्ट १८९४ रोजी दादाभाई तशाच एका चर्चेत उभे राहिले. हिंदुस्थानच्या कारभाराची आणि तिथल्या लोकांच्या आर्थिक स्थितीची पार्लमेंटने संपूर्ण, स्वतंत्र चौकशी करावी, ही त्यांची मागणी. मिठाच्या कराबद्दल ते बोलले ते असं: इतकी वर्षं तुम्ही राज्य केलंत, आणि आता अशी कबुली द्यायची वेळ आली की लोकांजवळ कर बसवण्याजोगं दुसरं काहीच उरलं नाही, म्हणून जगायला लागणाऱ्या मिठावरच एवढा बोजा टाकावा लागतो. ही त्यांच्या मते इंग्रजी राज्याच्या दृष्टीने लाजिरवाणी गोष्ट होती.

हा मुद्दा किती नेमका आहे बघा. कर अन्यायाचा आहे असं म्हणून ते थांबले नाहीत. कर हाच गरिबीचा पुरावा आहे, असं त्यांनी धरलं. श्रीमंत देशात सरकार श्रीमंतांच्या चैनीवर कर बसवतं. जिथे चैनच नाही, तिथे मिठाला हात घालतं. मिठागरात राबणाऱ्या माझ्या पणजोबांना लंडन कुठे हे ठाऊक असण्याचा संभव नाही. पण त्यांच्या घामावरचा कर हा इंग्लंडच्या अब्रूचा प्रश्न म्हणून कुणीतरी तिथे मांडला होता.

त्या भाषणाने कर लगेच कमी झाला, असं नाही. पण चौकशीची मागणी पूर्ण वाया गेली नाही. १८९५ मध्ये लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारा आयोग नेमला गेला. त्यावर दादाभाई सभासद होते आणि साक्षीदारही झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मात्र त्यांचा मतदारसंघ हुजूर पक्षाकडे गेला. तीन वर्षांची खासदारकी संपली. पुढे १९०६ मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, ते नॉर्थ लॅम्बेथमधून पुन्हा लढले, पण यश आलं नाही.

वेल्बी आयोगापुढे १८९७ मध्ये साक्ष द्यायला इकडून दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, सुब्रह्मण्य अय्यर यांच्यासोबत एक तिशीतला मराठी तरुण गेला होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. गोपाळ कृष्ण गोखले. इंग्रज सभासदांच्या उलटतपासणीला त्याने आकड्यांनी उत्तरं दिली. ही पद्धत दादाभाईंचीच. १९०२ मध्ये गोखले कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी मिठाचा कर पुन्हा बाहेर काढला: सरकारकडे शिल्लक पडते आहे आणि गरीब मिठालाही महाग आहे, हे कसं? १९०३ मध्ये कर अडीचवरून २ रुपये झाला. १९०५ मध्ये दीड. १९०७ मध्ये १ रुपया. पार्लमेंटातल्या त्या भाषणापासून मोजलं तर तेरा वर्षांनी. या उताराला इतरही कारणं होती, सरकारी तिजोरीची स्थिती सुधारली होती. पण बोलणारं कुणी नसतं तर तिजोरी भरली म्हणून आपणहून मीठ स्वस्त करणारं ते सरकार नव्हतं, हे मी ठामपणे म्हणते.

दादाभाईंनंतर मुंबईचे आणखी दोन पारशी त्या सभागृहात गेले. मंचेरजी भावनगरी १८९५ मध्ये हुजूर पक्षाकडून बेथनल ग्रीनमधून निवडून आले आणि १९०६ पर्यंत राहिले. इंग्रजी राज्याचे पक्षपाती म्हणून राष्ट्रसभेच्या लोकांनी त्यांना फार बोल लावले. तरी दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचे हाल त्यांनी पार्लमेंटात पुन्हा पुन्हा मांडले, हे विसरू नये. शापुरजी सकलातवाला हे जमशेटजी टाटांचे भाचे. ते कम्युनिस्ट झाले आणि १९२२ मध्ये लंडनच्याच बॅटरसी भागातल्या कामगारांनी त्यांना निवडून दिलं. तिघेही मुंबईचे, तिघांची तोंडं तीन दिशांना. पण हिशेबाच्या वहीला चिकटून राहिले ते दादाभाईच. १९०१ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ लंडनमध्ये छापून निघाला, त्यात हे सगळे आकडे, भाषणं, अर्ज एकत्र आहेत. १९०६ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रसभेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्याची मागणी केली. एवढी वर्षं इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर भिस्त ठेवणारा माणूस ऐंशी ओलांडल्यावर त्या निष्कर्षाला आला, याला मी फार मोठं धैर्य समजते. मग ते वर्सोव्याला येऊन राहिले. ३० जून १९१७ रोजी त्यांचं निधन झालं.

मिठाची गोष्ट पुढे सगळ्यांना ठाऊक आहे. १८८८ मध्ये गांधी विद्यार्थी म्हणून लंडनला गेले तेव्हा त्यांच्याजवळ दादाभाईंच्या नावचं परिचयपत्र होतं. १९३० मध्ये तेच गांधी दांडीला गेले. त्या वर्षी मुंबईत मिठाचा कायदा मोडायला बायका रस्त्यावर उतरल्या, त्यांत दादाभाईंच्या नाती होत्या. त्यांच्यातल्या पेरीन कॅप्टन यांनी मुंबई प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद घेतलं. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री, आणि त्यासाठी तुरुंगातही गेल्या. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला आमच्या चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि आगरी, आदिवासी माणसं मेली. मीठ आणि लाकूडफाटा, दोन्ही गरिबाच्या चुलीच्या गोष्टी, आणि दोन्हींवर सरकारचा पहारा होता. मिठावरचा कर उठला तो १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर.

आज उरणच्या बाजूला फिरलात तर मिठागरं विरळ झालेली दिसतील. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठी घेतलेल्या जमिनींत शेतं गेली, तशी मिठागरंही गेली. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये इथे आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळ्यांनी पाच माणसं गेली. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील दोनदा आमचे खासदार होते. मिठागरातल्या माणसाचा प्रश्न राजधानीपर्यंत न्यायला खासदार लागतो, हे आमच्या लोकांनी असं दोन शतकांत दोनदा पाहिलं. खासदाराकडून काय मागावं, हेही मी यावरूनच शिकले. त्याने आपल्या घरच्या मिठाचा हिशेब काढावा, तो चोख असावा, आणि बाकं रिकामी असली तरी उभं राहून वाचावा.

लंडनच्या फिन्सबरीत दादाभाईंच्या नावाचा रस्ता आहे. मुंबईत त्यांच्या नावाचा मोठा रस्ता आहे, पुतळा आहे. आमच्या खारेपाटात काहीच नाही, आणि दगडी स्मारकाची मागणी मी करणारही नाही. पेण, उरण आणि अलिबागच्या शिक्षकांना मात्र माझी एक विनंती आहे. ४ सप्टेंबरला दादाभाईंची जयंती असते. तेव्हा पावसाळा असतो, मिठागरात पाणी साचलेलं असतं, म्हणून त्या दिवशी वर्गात हिशेब करून घ्या: मणाला अडीच रुपये कर, माणशी ६ शेर मीठ, वर्षाला २० रुपये उत्पन्न. मुलांना फळ्यावर येऊन गुणाकार-भागाकार करू द्या. आणि हंगाम लागला, मिठाच्या राशी उभ्या राहिल्या, की जवळचं एखादं चालू मिठागर उरलं असेल तर त्यांना तिथे घेऊन जा. ती मिठागरं शिल्लक आहेत तोवरच हे करा.